बार्टनचा उमाळा

उन्हाळा आणि पाणी यांचें नातें आपल्या पूर्वजांनीं फार बारकाईनें ओळखलें होतें. कालिदासानें ऋतुसंहाराचा आरंभ वसंतानें न करतां ग्रीष्मानें केला, आणि उन्हानें होरपळलेल्या माणसाच्या सुखाचीं साधनें सांगतांना चंद्र, चंदन व जलयंत्रें यांचीं नांवें घेतलीं. आमच्या लहानपणीं यांतील चंद्र तेवढा फुकट मिळे. चंदन आणि जलयंत्रें हीं पुस्तकांतच राहत. परंतु त्यांची उणीव गांवची विहीर, नदीचा डोह अगर डोंगराच्या पायथ्याचा एखादा झरा भरून काढी. आतां विजेच्या यंत्रानें घरांतली खोली वाटेल तेवढी गार करून घेतां येते. ही सोय नाकारण्याचें कारण नाहीं, आणि आमच्या वयाच्या माणसानें तर ती नाकारूंच नये. तथापि यंत्राचा गारवा खोलीच्या उंबऱ्याशीं संपतो, आणि ज्याचें यंत्र त्यालाच तो मिळतो. झऱ्याचा गारवा अंगांत मुरून घरापर्यंत सोबत करतो, व तो एकट्याचा कधींच नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या गारव्याचें एक ठिकाण आम्हीं नुकतेंच पाहिलें; त्याची हकीकत आमच्या वाचकांस मनोरंजक व थोडी उपयुक्तही वाटेल, अशा समजुतीनें ती येथें देत आहों.

अमेरिकेंतील टेक्सस राज्याची राजधानी ऑस्टिन हें सुमारें दहा लाख वस्तीचें शहर आहे. संगणकाच्या धंद्यामुळें तेथें आपलीं मराठी कुटुंबें बरींच स्थायिक झालीं आहेत; त्यांत आमच्या कन्येचेंही बिऱ्हाड असल्यामुळें उन्हाळ्याचे दोन महिने आमचा मुक्काम तेथें पडला. अमेरिका म्हटली कीं बर्फ डोळ्यांसमोर येतें. परंतु ऑस्टिन हें जवळजवळ आपल्या हरिद्वाराच्या अक्षांशावर आहे, आणि तेथील ऊन विदर्भांतल्या माणसालाही परकें वाटणार नाहीं. शंभर अंश फॅरनहीट, म्हणजे सुमारें अडतीस अंश सेल्सिअस, ही तेथल्या उन्हाळ्याची नेहमींची मजल. २०११ सालीं असे नव्वद दिवस भरले. २०२३ सालीं तर सलग पंचेचाळीस दिवस पारा शंभराच्या खालीं राहिला नाहीं. दुपारीं रस्त्यावर माणूस दिसत नाहीं. मोटारीच्या दाराची मूठ हातरुमालानें धरावी लागते. अशा वेळीं गांवांतले लोक जातात कोठें, असा प्रश्न आम्हीं केला, तेव्हां नातवानें तत्काळ उत्तर दिलें, “झऱ्यावर!”

तो झरा म्हणजे बार्टन स्प्रिंग्ज. शहराच्या मध्यभागाजवळ झिल्कर पार्क नांवाचें विस्तीर्ण उद्यान आहे. त्यांतून बार्टन नांवाचा ओढा वाहत येऊन कोलोरॅडो नदीस मिळतो. (ही टेक्ससची कोलोरॅडो; मोठ्या दरीकरितां प्रसिद्ध असलेली ती दुसरी.) संगमाच्या थोडें अलीकडे ओढ्याच्या पात्रांतच खडकाच्या भेगांतून पाण्याचे उमाळे फुटतात. पात्राच्या वरच्या व खालच्या अंगास बांध घालून तें पाणी अडविलें आहे, आणि त्यामुळें सुमारें तीन एकरांचा लांबट डोह तयार झाला आहे. कांठ बांधून काढलेले असले तरी तळ मात्र बव्हंशीं निसर्गाचा आहे. दगड, गोटे, पाणवनस्पती, मासे आणि कांसवें हीं सर्व तेथें आहेत. ओढ्याचें नेहमींचें पाणी डोहांत न शिरतां बाजूनें बांधलेल्या बोगद्यांतून खालीं जातें. सबब डोहांत असतें तें केवळ झऱ्याचें पाणी. दोन्ही बाजूंस हिरवळीचे उतार आहेत, व अक्रोडाच्या जातीचे पिकॅन नांवाचे मोठमोठे वृक्ष सावली धरून उभे आहेत.

धर्मशास्त्रांत स्नान कोठें करावें याचाही विचार आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या तळ्यांत करूं नये. नदी, सरोवर, देवखात, प्रस्रवण अशा ठिकाणीं करावें, असें मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत सांगितलें आहे. देवखात म्हणजे माणसानें न खणलेला, निसर्गसिद्ध जलाशय. आणि प्रस्रवण म्हणजे झरा. बार्टनचा डोह या दोन्ही सदरांत बसतो, असें आम्हीं कुटुंबास समजावून सांगितलें. तिनें तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि आपण कांठावर बसून फक्त पाय सोडूं, असा निकाल दिला.

पाण्यांत उतरण्यापूर्वीं अंग धुवून घ्यावें, असा तेथील शिरस्ता आहे. अन्न, कांचेच्या बाटल्या वगैरे वस्तु आंत नेऊं देत नाहींत. हे नियम वाचतांना आम्हांस नवल वाटलें नाहीं. वाहत्या पाण्यांत थुंकूं नये, मलमूत्र टाकूं नये, हें आमच्याही स्मृतींनीं सांगून ठेवलेंच आहे. नवल वाटलें तें एवढ्याचेंच कीं, नियम लिहिलेला होता आणि लोक तो पाळीतही होते.

पायऱ्या उतरून घोट्यापर्यंत पाण्यांत गेलों, आणि तेथेंच थबकलों. वर हवा अडतीस-एकोणचाळीस अंशांची, आणि पाणी वीस-एकवीस अंशांचें! पायाच्या बोटांपासून कळ निघून ती मस्तकापर्यंत गेली. आजूबाजूस आमच्यासारखेच कित्येक लोक गुडघाभर पाण्यांत उभे राहून मनाचा हिय्या करीत होते. नातू केव्हांच सूर मारून डोहाच्या मध्यावर पोंचला होता. तो तेथून ओरडला, “आजोबा, विचार करीत बसूं नका, विचार केला कीं जास्त थंड लागतें.” चाळीस वर्षें मुलांना ‘आधीं विचार करा’ असें सांगण्यांत घालविलेल्या माणसास हा उपदेश उलटा होता, पण तो त्या जागेपुरता खरा निघाला. नाक धरून बुडी मारली. क्षणभर श्वास अडकला, कानांत घणघण झाली, आणि मग सर्वांगास असें कांहीं सुख झालें कीं, लहानपणीं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरींत ढकललेल्या त्या पहिल्या दिवसाचीच आठवण व्हावी. आम्ही उताणे होऊन पाण्यावर पडून राहिलों. वर पांढुरकें तापलेलें आकाश, खालीं अठरा फुटांपर्यंत खोल असें निळसर हिरवें पाणी, आणि मध्यें आम्ही. अर्ध्या तासानें बाहेर आलों तेव्हां दांत वाजत होते. मे महिन्याच्या उन्हांत मुद्दाम जाऊन बसण्याचा योग आयुष्यांत प्रथमच आला, असें कुटुंबानें हंसून म्हटलें. येथें तो महिना ऑगस्ट होता, एवढाच काय तो फरक.

हें पाणी इतकें थंड कां, आणि बारमाही तितकेंच थंड कसें, हा प्रश्न कोणाही जिज्ञासूस पडेल. याचें उत्तर आपल्या घरच्या आडांतच आहे. आडाचें पाणी उन्हाळ्यांत गार आणि हिंवाळ्यांत कोंबट लागतें, हें आपण सर्वांनीं अनुभविलेलें आहे. वास्तविक तें बदलत नाहीं; बदलते ती हवा. जमिनीखालीं कांहीं खोलीवर उन्हाळा-हिंवाळ्याचा चढउतार पोंचत नाहीं, आणि तेथील खडक त्या प्रदेशाच्या वर्षाच्या सरासरी तपमानाइतका राहतो. पाणी त्या खडकांत राहून त्याचेंच तपमान घेऊन बाहेर पडतें. म्हणून ऑस्टिनचा झरा जानेवारींतल्या गारठ्यांत उबदार वाटतो, आणि थंडीच्या पहांटेसही तेथें नेमानें पोहणारे लोक आहेत.

पाणी येतें कोठून, ही गोष्ट याहून मनोरंजक आहे. ऑस्टिनच्या नैर्ऋत्येस टेंकड्यांचा प्रदेश आहे. तेथील खडक चुनखडीचा. सुमारें दहा कोटी वर्षांपूर्वीं त्या भागावर उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशीं सांचलेल्या गाळाचा तो झाला. चुनखडी पावसाच्या किंचित् आम्ल पाण्यांत हळूहळू विरघळते. त्यामुळें तिच्या भेगा रुंदावत जाऊन पोटांत नळ्या, पोकळ्या व गुहा तयार होतात. या सच्छिद्र थरास तिकडे एडवर्ड्स जलधर असें नांव आहे. टेंकड्यांवरून वाहणारे ओढे या थरावरून जाऊं लागले कीं त्यांचें पाणी पात्रांतल्या छिद्रांतून खालीं जिरतें, कित्येक मैल जमिनीच्या पोटांतून प्रवास करतें, आणि थराला जेथें सखल तोंड मिळतें तेथें वर उसळतें. हें तोंड म्हणजेच बार्टनचा उमाळा. शास्त्रज्ञांनीं वरच्या ओढ्यांत निरुपद्रवी रंग सोडून त्याची वाट पाहिली, तेव्हां कांहीं ठिकाणचा रंग थोड्याच दिवसांत झऱ्यांत येऊन दाखल झाला. झऱ्यांतून सरासरीनें सेकंदास चौदाशें लिटर, म्हणजे दिवसास बारा कोटी लिटर पाणी निघतें. १९५० नंतरच्या मोठ्या अवर्षणांत, १९५६ सालीं, हा प्रवाह याच्या पंचमांशावर आला होता. परंतु तो खंडला मात्र नाहीं.

हें ऐकतांना आम्हांस वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील ‘दकार्गल’ नांवाच्या अध्यायाची आठवण झाली. दक म्हणजे उदक. भूमिगत पाणी कसें शोधावें याचें विवेचन इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील या ज्योतिष्यानें त्यांत केलें आहे. मनुष्याच्या अंगांत जशा शिरा, तशा पृथ्वीच्या पोटांत पाण्याच्या शिरा असतात. आकाशांतून पडणारें पाणी एकाच रंगाचें व एकाच चवीचें असतें, आणि जमिनीच्या भेदामुळें त्याला निरनिराळ्या चवी येतात, असें तो म्हणतो. पुढें कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाच्या कोणत्या दिशेस, किती खोल पाणी लागेल याची त्यानें यादीच दिली आहे. त्यांतील प्रत्येक अडाखा आज शास्त्राच्या कसोटीस उतरेल असें आम्ही म्हणत नाहीं. तसा हट्ट धरणें म्हणजे ग्रंथकाराच्या निरीक्षणाचा मान राखणें नव्हे. परंतु शिरांची ती उपमा चुनखडीच्या प्रदेशास इतकी तंतोतंत लागू पडते कीं, भूगर्भशास्त्राच्या शिक्षकानेंही ती खुशाल वापरावी.

आतां या झऱ्याच्या मालकांविषयीं. युरोपियन लोक येण्यापूर्वीं हजारों वर्षें मूळचे रहिवासी या पाण्याच्या आश्रयानें राहत असत. १८३७ सालीं विल्यम बार्टन नांवाचा वसाहतवाला येथें येऊन राहिला, व त्याचें नांव ओढ्यास व झऱ्यास पडलें. जवळजवळ असलेल्या उमाळ्यांपैकीं तिघांस त्यानें आपल्या मुलींचीं नांवें दिलीं, असें सांगतात: पार्थेनिया, इलायझा आणि झेनोबिया. पुढें ही जमीन अँड्र्यू जॅक्सन झिल्कर या गृहस्थाकडे आली. हा तरुणपणीं जवळजवळ निष्कांचन स्थितींत ऑस्टिनला आला, आणि बर्फाच्या कारखान्यावर संपन्न झाला. गारवा विकून मोठ्या झालेल्या या माणसानें आपल्याजवळचा सर्वांत मोठा गारवा मात्र विकला नाहीं. १९१७ सालीं त्यानें झऱ्यासह सुमारें पन्नास एकर जमीन शहरच्या सार्वजनिक शाळांस दिली, आणि अट घातली ती अशी कीं, शहरानें ती शाळांकडून एक लक्ष डॉलरांस घ्यावी व त्या पैशांतून मुलांना हातांच्या धंद्याचें शिक्षण मिळावें. एकाच दानांत नगरास जलाशय आणि शाळांस कायमचा निधि! १९३१ सालीं त्यानें आणखी जमीन दिली. आपल्याकडे पाणपोया, बारवा आणि घाट बांधणारे दाते पुष्कळ झाले. पण जलदान व विद्यादान एका दस्तऐवजांत साधणारा दाता आमच्या ऐकिवांत दुसरा नाहीं.

डोहाच्या कांठीं एक खडक होता. त्यास तत्त्ववेत्त्यांचा खडक म्हणत. लोककथांचा संग्राहक फ्रँक डोबी, निसर्गनिरीक्षक रॉय बेडिचेक आणि इतिहासकार वॉल्टर वेब हे तिघे मित्र तेथें जमून तासन् तास गप्पा मारीत. त्यांचा ब्राँझचा पुतळा १९९४ सालीं प्रवेशद्वारापाशीं बसविला आहे. दोघे पोहण्याच्या वेषांत बसलेले, आणि वेब मात्र कपड्यांनिशीं, विजारीचे पाय वर दुमडून उभा आहे. कांठावर बसणारांचाही असा गौरव झालेला पाहून आमच्या कुटुंबास विशेष समाधान वाटलें. आमच्या गांवीं पिंपळाच्या पारावर संध्याकाळीं जमणाऱ्या वृद्ध मंडळींचा पुतळा कोणीं केला नाहीं, पण काम तेंच.

येथवर सर्व गोड आहे. परंतु झऱ्याचें पाणी कितीही निर्मळ असलें तरी त्याच्या कांठचा इतिहास तितका निर्मळ नसतो. झिल्करनें दिलेलें पाणी सर्व नगराचें खरें; पण त्या ‘सर्वां’त नीग्रो नागरिक धरलेले नव्हते. १९६० सालीं जोन मीन्स नांवाची विद्यार्थिनी शाळेच्या अखेरच्या वर्गांत होती. तिच्या वर्गाची सहल या उद्यानांत ठरली, आणि कृष्णवर्णी मुलांनीं तेथें येऊं नये असें तिला सांगण्यांत आलें. तिनें जाऊन डोहांत उडी घेतली. तो सबंध उन्हाळा ती व तिचे सोबती पुनःपुन्हां पाण्यांत उतरत राहिले. पहारेकऱ्यांनीं बाहेर काढावें, आणि त्यांनीं पुन्हां यावें. दोनएक वर्षांत बंदी उठली. आज त्या पाण्यांत गोरे, काळे, मेक्सिकन, चिनी आणि आमच्यासारखे महाराष्ट्रीय एकाच वेळीं डुंबतात, आणि कोणी कोणाकडे वळूनही पाहत नाहीं.

ही हकीकत वाचून अमेरिकनांस नांवें ठेवण्याचा मोह होईल. तो आवरावा हें बरें. आमच्या महाडची गोष्ट याहून तेहतीस वर्षें आधींची आहे. मुंबईच्या कायदेमंडळानें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनें तो १९२४ सालीं मान्य केला. आणि कागद कागदाच्या जागीं राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्याचा परिणाम काय झाला? सभेस आलेल्या लोकांस मारहाण झाली, आणि गोमय-गोमूत्राच्या घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें! त्याच वर्षीं २५ डिसेंबरला महाड येथेंच मनुस्मृति जाळण्यांत आली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. तळ्याचा दावा चालतां चालतां १९३७ सालीं मुंबई हायकोर्टांत निकालांत निघाला, आणि निकाल अस्पृश्य मंडळींच्या बाजूचा लागला.

ज्या ग्रंथाचा आधार आम्हीं वर स्नानाच्या विवेचनांत घेतला, तोच हा ग्रंथ. त्याचें संस्कृत ज्यांनीं शिकविलें, त्यांनीं हा भाग टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. देवानें खणलेल्या पाण्यावर कोणाची मालकी नाहीं, असें मानणारी बुद्धि आणि माणसाच्या स्पर्शानें पाणी बाटतें असें मानणारी बुद्धि एकाच समाजांत, एकाच घरांत, शेजारीं शेजारीं नांदत होती. पहिली घ्यावी आणि दुसरी टाकावी, एवढा विवेक करण्यास फार पांडित्य लागत नाहीं. लागतें तें थोडें धैर्य, आणि तें ऑस्टिनमध्यें एका शाळकरी मुलीनें दाखविलें.

मग पाणी खरोखर बाटतें तें कशानें? याचेंही उत्तर बार्टनच्याच झऱ्यानें दिलें आहे. वाळू-मातींतून पाझरणारें पाणी वाटेंत गाळलें जातें. चुनखडीच्या नळ्यांतून धांवणारें पाणी गाळलें जात नाहीं. टेंकड्यांवर जें पडेल, तें लवकरच डोहांत येतें. रस्ते, छपरें व मोटारी उभ्या करण्याचीं आवारें वाढलीं कीं जमिनींत जिरणारें पाणी कमी, आणि तेल, खत व घाण घेऊन येणारें पाणी जास्त. १९९० सालीं बार्टनच्या ओढ्याकांठीं चार हजार एकरांवर मोठी वसाहत करण्याचा एक बेत शहराच्या सभेपुढें आला. ७ जूनच्या सायंकाळीं सुरू झालेली ती बैठक दुसऱ्या दिवशीं पहांटेपर्यंत चालली. बोलण्यासाठीं आठशेंवर नागरिकांनीं नांवें दिलीं होतीं. आणि उजाडतांना सभेनें तो बेत एकमतानें फेटाळला. पुढें १९९२ च्या ऑगस्टमध्यें लोकांनीं मतदान करून ‘आमचे झरे वांचवा’ या नांवाचा नियमच करून घेतला. त्याप्रमाणें झऱ्यास पाणी पुरविणाऱ्या प्रदेशांत, जागेच्या मानानें, शेंकडा पंधरा ते पंचवीसपेक्षां अधिक भूमि नव्या बांधकामानें झांकतां येत नाहीं.

या झऱ्यांत एक चिमुकला प्राणी राहतो. तो बेडकाच्या दूरच्या नात्यांतला, पालीच्या आकाराचा, बोटाहून लहान आणि जन्मभर मानेशीं कल्ले वागविणारा असा आहे. १९९३ सालीं त्यास शास्त्रीय नांव मिळालें, आणि त्या नांवांत झरे वांचविणाऱ्या नागरिकांच्या चळवळीचीं आद्याक्षरें गुंफण्यांत आलीं. १९९७ सालीं सरकारनें त्याची गणना नष्ट होऊं घातलेल्या प्राण्यांत केली. तेव्हांपासून डोहाची सफाई त्याच्या जिवास जपून करावी लागते. औषधें घालून पाणी निर्जंतुक करण्याचा प्रश्नच उरत नाहीं. ही सफाई दर गुरुवारीं चालते व डोह दिवसभर बंद असतो. आमच्या कुटुंबानें हा गुरुवारचा नेम ऐकून, ‘प्राण्यालाही उपास-विश्रांति आहे म्हणायची,’ असा अर्थ लावला. कांहीं वर्षांनीं तळाच्या गाळांत अपायकारक द्रव्यें सांपडलीं, व त्यांचा उगम आवारांच्या फरसबंदीवर फासल्या जाणाऱ्या कोळशाच्या डांबरांत आहे असा संशय दृढ झाला. तेव्हां २००५ च्या अखेरीस शहरानें त्या डांबरावरच बंदी घातली; अशी बंदी घालणारें तें त्या देशांतलें पहिलें शहर. कांठावरचा एक जुना पिकॅन वृक्ष रोगानें पोखरल्यामुळें २०२३ सालीं तोडावा लागला, तेव्हां लोक त्याचा निरोप घेण्यास जमले होते. पाण्यावर प्रेम जडलें कीं तें झाडांपर्यंत आणि प्राण्यांपर्यंत पसरतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. महाराष्ट्राचा बहुतेक खडक काळवत्थर. त्याच्या पोटांत चुनखडीसारख्या गुहा नाहींत. पाणी राहतें तें भेगांत, झिजलेल्या थरांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. सांठा लहान, म्हणून झरेही लहान, आणि पुष्कळसे फाल्गुन-चैत्रांतच आटणारे. कोंकण-गोमांतकांत जांभ्या दगडाचे सडे पावसाचें पाणी शोषून घेतात व पायथ्याशीं झऱ्याच्या रूपानें परत देतात. सड्यावरची झाडी गेली, चिऱ्याच्या अगर खनिजांच्या खाणी खोल गेल्या, कीं पायथ्याचा झरा क्षीण होतो. कारण वर आणि खालीं हीं एकाच शिरेचीं दोन टोंकें. आपल्या पूर्वजांस हें नातें ठाऊक होतें, म्हणून त्यांनीं उगमापाशीं गोमुख बसविलें, कुंड बांधलें आणि देवराई राखली. महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत जाऊन आपण हात जोडतों. परंतु त्या गोमुखाच्या वरच्या डोंगरावर काय चाललें आहे, हें पाहण्यास किती यात्रेकरू जातात? गोमुख हा उगम नव्हे. उगम तो डोंगर.

म्हणून सुटींत गांवीं जाणाऱ्या मंडळींस आमची एक-दोन गोष्टींची शिफारस आहे. आपल्या गांवचा झरा कोठें आहे, तो कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो आणि आजोबांच्या वेळीं कोणत्या महिन्यापर्यंत वाहत असे, हें वडील माणसांस विचारून लिहून ठेवावें. गुढीपाडव्यास व अक्षय्यतृतीयेस पाण्याची धार एखाद्या घागरीनें मोजावी. किती वेळांत घागर भरली एवढें टिपलें तरी पुरे. दहा वर्षांची अशी वही कोणत्याही सभेंत भाषणापेक्षां अधिक बोलेल. झऱ्याच्या तोंडाशीं सिमेंट ओतून सुशोभित करण्याचा उत्साह आवरावा. तोंड बुजलें तर पाणी रुसून दुसरीकडे जातें. आणि मुलांस पोहावयास शिकवावें. बार्टनच्या डोहावर पहारेकरी असतात. आपल्या विहिरींवर, खाणींच्या खड्ड्यांवर अगर धबधब्यांखालीं ते नसतात, आणि दर सुटींत कोठें ना कोठें घरांवर आकाश कोसळतें. सुका भोपळा आणि पोहतां येणारा एक जाणता माणूस यांनीं पूर्वीं जें साधे, तें आजही साधेल. मुलांबरोबर मुलींसही शिकवावें, हें सांगावयास नकोच.

ऑस्टिनच्या लोकांस झरा राखणें सोपें गेलें असें समजूं नये. तेथेंही जमिनीस सोन्याचा भाव आहे, तेथेंही बांधकामाचे धंदे व त्यांचे वकील आहेत, आणि शहराची वाढ अजून थांबलेली नाहीं. भांडण दर पिढीस नव्यानें करावें लागणार आहे. परंतु तें करण्यास माणसें कां पुढें येतात, हें त्या डोहांत एकदां बुडी मारणारास सांगावें लागत नाहीं. पाण्याविषयींचीं व्याख्यानें आम्हीं आयुष्यांत पुष्कळ ऐकलीं, व कांहीं दिलींही. त्या सर्वांपेक्षां भर उन्हाळ्यांत मुलांस हातीं धरून झऱ्यांत उतरविणें हें अधिक कामाचें शिक्षण आहे; कारण ज्या पाण्यानें आपल्यास एकदां निवविलें, तें आटूं लागलें म्हणजे माणसास आपलेंच कांहीं आटतें आहेसें वाटतें, आणि मग तो घरीं बसून राहत नाहीं.